कासरा

पाटोद्याच्या मुलखात होडी नाही. मांजरा नदी आमच्याच तालुक्यातील डोंगरांत उगम पावते खरी, परंतु उगमापाशी ती इतकी कृश असते की पावसाळा सोडला तर गुरे तिचे पात्र खूरही न भिजवता ओलांडतात, आणि होडी तरंगण्याइतके अंग तिला येते ते आमची हद्द सोडून पुष्कळ पुढे गेल्यावर. त्यामुळे मोटारीच्या स्टिअरिंगला ‘सुकाणू’ हा प्रतिशब्द जेव्हा जेव्हा वाचनात आला, तेव्हा तेव्हा तो मला कोकणातून बदली होऊन आलेल्या अंमलदारासारखा वाटला. सभ्य, सुशिक्षित, पण इथल्या धोंड्यांशी यत्किंचित परिचय नसलेला. आमच्याकडे दिशा राखण्याचे साधन एकच होते, आणि ते म्हणजे कासरा.

माझे चुलते, ज्यांना घरात सारेच तात्या म्हणत, गाडी जुंपण्यापूर्वी कासरा दोन्ही हातांनी ओढून पाहत आणि त्या ओढीतून दोराविषयी जे समजायचे ते समजून घेऊन मगच गाडीवर पाय ठेवीत. दोन चाकांच्या गाडीला वळवण्यासाठी निराळी यंत्रणा लागत नाही. एक कणा, त्याच्या दोन टोकांना दोन तुंबे, आणि पुढे जुवाखाली दोन जिवंत प्राणी, जे तिचे बळही असतात आणि वळणही. परंतु बालाघाटच्या त्या पठारावर, जेथे पावसाने माती धुऊन नेल्यावर काळा पाषाण वाटेत कोपरे काढून बसलेला असतो, तेथे चाक धोंड्यावर चढले की दांडी झोका खाई, दांडीबरोबर जू, आणि जुवाबरोबर बैलाचा खांदा. या धक्क्यांचा हिशेब तात्या दिवस मावळल्यावर करीत. बैल सोडले की आधी हात खांद्यावरून फिरे, सूज आहे का हे पाहिले जाई, आणि वैरण त्यानंतर. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि लोणी लावून ते खांदे चोळले जात, त्याकडे मी सणाचा एक भाग म्हणूनच पाहत आलो; त्या विधीत वर्षभराच्या धक्क्यांची जमाबंदी होत होती, हे उमजायला मला साठी ओलांडावी लागली.

चार चाकांच्या वाहनाचा प्रश्न याहून बिकट असतो. जुन्या घोडागाड्यांचा पुढचा सबंध आख मधोमध एका खिळीवर फिरत असे, आणि अडचणीच्या वळणावर तो आडवा झाला की गाडीला खालचा आधार अरुंद पडून ती कलंडण्याचे भय असे. इंग्लंडात अठराव्या शतकात इरॅस्मस डार्विन नावाचे एक वैद्य होते, जे पुढे जगद्विख्यात झालेल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. रोग्यांना पाहण्यासाठी खेडोपाडी वाईट रस्त्यांवरून हिंडावे लागल्याने त्यांनी असा विचार केला की आख स्थिर ठेवून प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवावे, आणि आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळावे, कारण त्याचे वर्तुळ लहान असते. हीच कल्पना पुढे म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या गाडीकाराने प्रत्यक्षात आणली, आणि १८१८ साली लंडनमध्ये तिचे पेटंट रुडॉल्फ आकरमान या त्याच्या प्रतिनिधीने घेतले. आज साऱ्या जगातले मेकॅनिक त्या रचनेला आकरमानच्याच नावाने ओळखतात. जमीन कसणारा एक, सारा भरणारा दुसरा, आणि उताऱ्यावर नाव तिसऱ्याचे, हा प्रकार आमच्या कचेरीतही कोणाला नवा नव्हता.

कचेरीचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो की माझे वडील पाटोद्याच्या तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या अमदानीत त्यांनी उर्दू दप्तर लिहिले, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्याच मेजावर, त्याच बैठकीवर बसून मराठी दप्तर लिहू लागले. त्या कचेरीच्या आवारात एक जीप असे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या आणि युद्ध संपल्यावर ते वाहन जगभर शेतांत आणि कचेऱ्यांत शिरले; आपल्याकडे महिंद्र यांच्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास तिची मुंबईत जुळणी सुरू केली, आणि पुढची कित्येक वर्षे मराठवाड्यातल्या मुलांना ‘सरकार’ म्हटले की तिचाच आवाज आठवे. ती चालवणाऱ्या वृद्ध ड्रायव्हरना आम्ही चाचा म्हणत असू. दुपारी साहेब जेवायला गेले की ते मला चाकामागे बसू देत, पण आधी माझे दोन्ही अंगठे स्वतःच्या बोटांनी चाकाच्या आतून काढून बाहेरच्या कडेवर ठेवीत. “अंगठा आत नको, बेटा,” ते म्हणत, “खाली चाक धोंड्याला धडकलं की वरचं चाक गरकन फिरतं, आणि त्याचा आरा अंगठा मोडून जातो.” त्यांचा स्वतःचा डावा अंगठा मधल्या पेरापाशी वाकडा होता, त्यामुळे या उपदेशाला अधिक प्रमाणाची गरज नव्हती.

जीपचा पुढचा आख अखंड होता, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एक भरीव लोखंडी पहार असावी तसा. स्टिअरिंगच्या पेटीतून निघालेला दांडा बेलक्रँक नावाच्या एका कोपरावजा तुकड्याला जाऊन मिळे आणि तेथून चाकांना हुकूम जाई. त्या कोपराचे बेअरिंग झिजले की वरचे चाक पाव चक्कर फिरवले तरी खालच्या चाकांना खबर नसे. शिवाय एका विशिष्ट वेगाला पुढची दोन्ही चाके थरथरू लागत, इतकी की साऱ्या गाडीला हिवताप भरल्यासारखे वाटे. भोवरा फिरत असता त्याला एका बाजूला कलवले तर तो कलायचे सोडून भलत्याच बाजूला वळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे कारण समजेल: अखंड आखाचे एक चाक वर चढले की दोन्ही चाके एकदम कलतात, आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आपापल्या परीने वळू पाहतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाला स्वतःचे सस्पेन्शन देण्याची रीत निघाली. १९२२ साली इटलीच्या लान्सिया कंपनीने आपल्या लाम्ब्डा गाडीला ती दिली, आणि १९३४ पासून अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांनी ती उचलली. परंतु आमच्या चाचांना याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. ते थरथर सुरू झाली की वेग कमी करीत आणि अल्लाचे नाव घेत. दोन्हींपैकी गुण कशाचा येई हे त्यांनी कधी सांगितले नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी दुष्काळी कामांवर हजेरी लिहायला लागलो आणि पुढची सारी नोकरी पाझर तलाव, बंधारे, नालाबंडिंग यांच्या भोवती फिरण्यात गेली. त्या वर्षांविषयी लिहायचे तर तो निराळा ग्रंथ होईल. येथे इतकेच की, या कामावर जाणारी कोणतीही वाट ही वाट नसे, आणि मी ज्या ज्या जीपमध्ये बसलो तिचे स्टिअरिंग कोठून ढिले आहे हे कानाने ओळखण्याइतका मी त्या विद्येत मुरलो.

निवृत्तीनंतर मनात आले की आपण बांधलेले तलाव एकदा पाहून यावेत, त्यांतले किती पाणी धरतात आणि किती नुसते गाळ धरून बसले आहेत ते डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी २०११ साली मी एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेतली. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, टॉर्शन बारचे. आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग इतके हलके की दगडांतून जाताना प्रथमच मला आपले मनगट आपलेसे वाटले. चाचांच्या जीपमध्ये एक चाक धोंड्यावर चढले की दुसऱ्यालाही त्याची शिक्षा भोगावी लागे. येथे डावे चाक वर चढत असता उजवे निश्चिंतपणे आपल्या वाटेने चालत राही. ज्याने ही रचना केली त्याला मी मनोमन धन्यवाद दिले. वास्तविक तेथेच थांबायचे होते.

परंतु दुर्बुद्धी सुचायला वय आडवे येत नाही. एका शहरातल्या वर्कशॉपमध्ये, ज्याचे नाव घेण्यात काही स्वारस्य नाही, मला असे समजावण्यात आले की गाडी दोन इंच उंच केली आणि मोठे टायर घातले की ती कोठेही जाईल. टॉर्शन बार पिळून गाडी उंच झाली. दिसायलाही ती मोठी रुबाबदार झाली, हे नाकारत नाही. पुढच्या पावसाळ्यात सौताड्याच्या अलीकडे, जेथे विंचरणा दरीत उडी घेते त्याच्या वरच्या अंगाला, एका ओढ्यात उजवे चाक दोन धोंड्यांच्या फटीत अडकले. मी स्टिअरिंग फिरवले. ते नेहमीसारखेच हलकेच फिरले, कारण हायड्रॉलिकला दयाही नसते आणि अंदाजही नसतो. आणि खाली काहीतरी मुकाट्याने वाकले. उतरून पाहतो तो पुढची दोन चाके दोन दिशांना तोंडे फिरवून उभी, लग्नात रुसलेल्या विहिणींसारखी. उजव्या बाजूचा टाय रॉड धनुष्यासारखा वाकला होता.

शेजारच्या रानात एक गृहस्थ बैल चारत होता. त्याने प्रथम गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, आणि “काका, या वयात इकडं कुठं?” असे विचारले, ज्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग त्याच्या मदतीने जॅक लावून दांडा होता होईल तितका सरळ केला, त्याला एक लांब पाना फळीसारखा बांधायचे ठरले, आणि बांधायला दोर हवा म्हणताच त्याने काही न बोलता बैलाचा कासरा सोडून दिला. तो अंबाडीचा होता, आणि अंबाडी भिजली की आवळते हे त्याला सांगावे लागले नाही. त्याने तो ओढ्यात बुडवून मगच गुंडाळला. त्या बांधणीवर मी माणसाच्या चालीने रस्त्याला लागलो आणि रात्री पाटोद्यास पोहोचलो.

मी पुन्हा त्याच शहरी वर्कशॉपात गेलो. त्यांनी निदान केले की दांडा दुबळा होता, आणि दीडपट जाडीचे दांडे बसवले. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे जाडी दीडपट तर ताठपणा पाचपट. हिशेब बरोबर होता, दांडे पुन्हा कधी वाकले नाहीत. काही महिन्यांनी स्टिअरिंगमध्ये खेळ आला. आयडलर आर्मचे बूश गेले होते, ते बदलले. त्यानंतर आणखी काही महिन्यांनी सरळ रस्त्यावर गाडी आपोआप डावीकडे जाऊ लागली, आणि खाली पाहिले तर स्टिअरिंगची पेटी ज्या बोल्टांनी चासीला जखडलेली असते, तेथे चासीलाच केसाएवढी चीर पडलेली.

ती चीर घेऊन मी पाटोद्यातल्याच एका मिस्त्रीकडे गेलो. तो दिवस चुकीचा होता, कारण दसऱ्याच्या आधीचे ते दिवस. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या टायरगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या त्याच्या दारात रांगेने उभ्या होत्या, आणि ज्यांच्या सहा महिन्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे त्यांच्यापुढे माझ्या हौसेची पायरी तिसरी, हे त्याने अत्यंत विनयाने पण निःसंदिग्धपणे सांगितले. मी तीन आठवडे थांबलो. मग एका सकाळी तो गाडीखाली गेला, बराच वेळ आतच राहिला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, “साहेब, दांडा लई ठोस केला तुम्ही. पर मार गेला कुठं?”

मी नोकरीत धरणांच्या भिंती बांधल्या होत्या. पाणी अडवले की त्याचा जोर नाहीसा होत नाही, तो सांडव्याकडे जातो, आणि सांडवा दिला नाही तर भिंतीत वाट शोधतो, हे मी शेकडो मजुरांना शिकवले होते. आणि तेच तत्त्व माझ्याच गाडीखाली मला दिसले नव्हते. मिस्त्रीने खडूने जमिनीवर आकृती काढून दाखवली. अशा रचनेत मधे एक आडवा दुवा असतो, त्याच्या एका टोकाला पिटमन आर्म, जो स्टिअरिंगच्या पेटीतून जोर घेऊन येतो, आणि दुसऱ्या टोकाला आयडलर, जो स्वतः काहीच करीत नाही, केवळ दुवा समांतर राहील एवढे पाहतो. मला एकदम जुंपलेली जोडी दिसली: दुवा हे जू, पिटमन हा ओढणारा बैल, आणि आयडलर हा पलीकडचा, जो ओढत नाही पण ज्याच्यावाचून जू तिरपे होते. या दुव्यापासून दोन आखूड दांडे दोन चाकांकडे जातात. चाक वर-खाली होताना ज्या कमानीत फिरते त्याच कमानीत दांड्याचे टोकही फिरावे, अशी त्यांची लांबी आणि जागा मूळ कारागिराने बेतलेली असते. गाडी उंच केली की दांडे तिरपे होतात, कमानी जुळेनाशा होतात, आणि प्रत्येक खड्ड्यात चाक आपल्या इच्छेविरुद्ध थोडे वळते. तिरपेपणा तीस अंशांवर गेला तर दांड्यातल्या जोराचा निम्मा हिस्सा चाक वळवायचे सोडून दुव्याला वर-खाली खेचू लागतो. माझा पहिला दांडा वाकला तो धोंड्यामुळे खरा, पण त्याला तिरपा करून त्या धोंड्यापुढे उभा केला होता तो मीच. तो वाकून बाकीच्यांना वाचवत होता. त्याला बळकट केल्यावर तो मार आयडलरच्या खांद्यावर आला, आणि त्याच्यावरून चासीवर.

मिस्त्रीने जे काम केले त्यातले निम्मे, प्रामाणिकपणे सांगायचे तर, केलेले काम मोडण्याचेच होते. टॉर्शन बार सैल करून गाडी जवळजवळ मूळ उंचीवर आणली, टायर मूळ मापाचे घातले. उरलेल्या निम्म्यात त्याची खरी विद्या होती. चासीच्या चिरेचे शेवटचे टोक शोधून तेथे त्याने आधी एक बारीक भोक पाडले, म्हणजे चीर पुढे सरकणार नाही, आणि मगच वेल्डिंग करून वरून पट्टी जोडली. पेटीचे बोल्ट चासीच्या पोकळ नळीतून जातात, ते आवळले की नळी दबते आणि बोल्ट पुन्हा सैल होतात. म्हणून त्याने नळीच्या आत जाड पाइपचे तुकडे बसवले, ज्यांच्यावर बोल्टाची आवळण पडावी. आयडलरला रबराऐवजी लेथवर कातलेले गनमेटलचे बूश, त्याला ग्रीसचे निपल, आणि खालून चासीला जोडणारा एक आधार. ते निपल पाहून मला खांदेमळणी आठवली आणि हसू आले. मिस्त्रीला कारण सांगितले तेव्हा तो मात्र हसला नाही, “बरोबरच हाय की,” एवढेच म्हणाला.

आणि दांडे? मूळचा वाकलेला दांडा, जो मी आठवण म्हणून जपून ठेवला होता, तो तापवून सरळ करून बसवता येईल का असे मी विचारले, तर त्याने तो माझ्या हातातून घेऊन कोपऱ्यात टाकला. तापवलेल्या पोलादाची कणखरता जाते आणि एकदा वाकलेले पुन्हा वाकते, ते स्टिअरिंगला चालत नाही. शहरी दीडपट दांडेही त्याने काढले. त्याऐवजी मधली चिरलेली नळी, जिच्यावर दोन क्लॅम्प आवळून लांबी कमी-जास्त करतात आणि जी खरी कच्ची जागा असते, तेवढीच त्याने भरीव षट्कोनी एन-एट सळईची करून घेतली, एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, आणि दोन्हीकडे लॉकनट. बाहेरचे बॉल जॉइंट मात्र साधे, कंपनीचेच ठेवले. “तुटायचंच असलं तर हेच तुटू द्या,” तो म्हणाला, “हे नालीत बसून बदलता येतं. चासी नाही येत.” शेवटी दोन चाकांना दोऱ्या लावून त्याने पुढचे तोंड मागच्यापेक्षा किंचित आवळून घेतले. संगणकाच्या पडद्यावर हे काम करणाऱ्या शहरी दुकानात पुढे ते मोजून पाहिले तेव्हा त्यांना त्यात बदल करण्याजोगे काही सापडले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत मी माझे तलाव पाहिले. बरेचसे गाळाने भरले आहेत, थोडे अजून पाणी धरतात. त्यांविषयी मी अन्यत्र लिहिले आहे. डाव्या बाजूचा बाहेरचा बॉल जॉइंट एकदा गेला, तो मी ओढ्याकाठी दगडावर बसून स्वतः बदलला, त्याला पाऊण तास लागला. अवजारांच्या पेटीत आता एक जादा बॉल जॉइंट, दोन स्प्लिट पिना आणि पाना असतो. आज हायड्रॉलिकमुळे वरचे चाक पूर्वीसारखे गरकन फिरत नाही, तरी माझे अंगठे अद्याप बाहेरच्या कडेवर असतात.

कासरा परत करायचा राहिला होता. पाना सोडताना तो शहरी वर्कशॉपात कापावा लागला, म्हणून मी आठवडी बाजारात अंबाडीचा शोधला, पण दोन्ही दुकानांत नायलॉनचाच होता, निळा आणि पिवळा. पिवळा घेऊन मी त्या ओढ्याकडे गेलो. तो गृहस्थ तेथेच, त्याच रानात, त्याच बैलांमागे होता. त्याने नवा कासरा हातात घेतला, तात्या पाहत तसा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, दुसऱ्यांदा ओढला, आणि जुनाच बरा होता, असे म्हणाला.